लॅपटॉप चार्ज होत नाही, सुरूच होत नाही: दुकान गाठण्याआधी घरी काय तपासायचं

दुरुस्तीच्या दुकानात येणारे बहुतेक जण काउंटरवर लॅपटॉप ठेवून एवढंच म्हणतात, "बंद पडलाय." त्या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या तक्रारी असू शकतात. एक, वीज लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही. दोन, वीज पोचते, लॅपटॉप आतून सुरूही होतो, पण स्क्रीन काळी राहते. तीन, चार्जर लावलेला असेपर्यंत सगळं छान चालतं, पण बॅटरी भरत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. आपली तक्रार यातली कोणती, हे घरबसल्या, एकही स्क्रू न काढता पाच-दहा मिनिटांत ठरवता येतं. दुकानदाराशी बोलताना एवढी माहिती हाताशी असली की "बोर्ड गेलाय" (म्हणजे आतलं मुख्य सर्किट बिघडलंय) या वाक्याने पोटात गोळा येत नाही.

पुढच्या पायऱ्या बाहेरून आत जाणाऱ्या आहेत: आधी भिंतीवरचा प्लग, मग वायर, मग ॲडॉप्टर, मग पिन, आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉपचं पोट. हा क्रम मोडू नका. पहिल्याच फटक्यात मागचं झाकण उघडणाऱ्या उत्साही भाच्याला थोडं थांबवा.

आधी नुसतं बघा आणि ऐका

चार्जर लावा आणि पॉवर बटण एकदा दाबून सोडा. आता खोलीतला पंखा बंद करून लॅपटॉपला कान लावा. आतला पंखा क्षणभर फिरला का? चार्जिंगच्या पिनेजवळचा किंवा कडेचा छोटा दिवा लागला का? मग कॅप्स लॉक दाबा. त्या बटणाचा दिवा चालू-बंद होत असेल तर लॅपटॉप जिवंत आहे आणि दोष बहुधा स्क्रीनकडे आहे. अशा वेळी सरळ खालच्या "सुरू होतो, पण स्क्रीन काळी" या भागाकडे जा.

काहीच नाही, म्हणजे दिवा नाही, आवाज नाही, कॅप्स लॉक मुका, तर विजेचा माग काढायचा.

भिंतीपासून सुरुवात

ज्या प्लगमध्ये चार्जर आहे, त्यातच मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. वाचताना हसू येईल, पण एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद राहिलेलं असणं, स्पाइक गार्डचा फ्यूज उडालेला असणं हे रोजचं आहे. एक्स्टेन्शन बाजूला ठेवा आणि चार्जर थेट भिंतीत लावा. जुन्या घरांत १६ अँपियरच्या मोठ्या सॉकेटमध्ये ६ अँपियरची छोटी पिन कशीबशी अडकवलेली असते. ती हलते आणि आत ठिणग्या पडतात. चुरचुर असा आवाज येत असेल तर ते सॉकेट आधी बदलून घ्या.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की ट्यूब पेटत नाही, आणि मग लॅपटॉपचा दोषही लोक त्याच्याच माथी मारतात. ॲडॉप्टरच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे २३० ऐवजी १७० आले तरी तो आपलं काम करतो. त्याला मारतो तो लाइट परत येतानाचा झटका. भारनियमनाच्या गावात लाइट गेली की चार्जर काढून ठेवायचा आणि आल्यावर दोन-चार मिनिटांनी लावायचा, ही सवय स्टॅबिलायझरपेक्षा स्वस्त पडते.

आता भिंतीपासून ॲडॉप्टरच्या डबीपर्यंत येणारी जाड वायर. तिच्या टोकाला तीन भोकांचा, त्रिदळासारखा सॉकेट असतो, काही लहान ॲडॉप्टरना दोन भोकांचा. या वायरमध्ये काहीही 'कंपनीचं' नसतं. शेजाऱ्याच्या कुठल्याही लॅपटॉपची, त्याच आकाराची वायर लावून बघा. ती डबीत पूर्ण आत दाबलेली आहे ना, हेही बघा. अर्धवट बसलेली वायर आणि उंदराने सोफ्याखाली कुरतडलेली वायर या दोन कारणांनी बंद 'पडलेले' लॅपटॉप बरेच असतात.

जाता जाता: चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला की झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉप बिघडलाय असं नाही. बहुधा घरातल्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा वायरची तिसरी पिन कुणीतरी कापलीय. टचपॅड चार्जिंगवर असतानाच वेडंवाकडं पळतं, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच. वायरमनला बोलवा.

ॲडॉप्टर, म्हणजेच आपण ज्याला चार्जर म्हणतो तो

इथे थोडा वेळ द्या, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त दोष इथेच निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे डबीवरचा दिवा. सगळ्यांवर तो नसतो, पण असेल तर त्याच्याइतका खरं बोलणारा साक्षीदार नाही. ॲडॉप्टर भिंतीत लावा, पिन लॅपटॉपला लावू नका. दिवा लागला नाही, तर वायर किंवा ॲडॉप्टर गेला. दिवा लागला, तर आता त्याच्याकडे बघत बघत पिन लॅपटॉपमध्ये घाला. घातल्या घातल्या दिवा विझला, आणि पिन काढून थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा लागला, तर ॲडॉप्टर स्वतःला वाचवतोय. एक तर तो आतून कमकुवत झालाय, नाहीतर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे. दुसरा चांगला ॲडॉप्टर लावूनही तसंच झालं तर शॉर्ट आतच आहे. तिथेच थांबा आणि पुन्हा पुन्हा पिन घालून बघू नका.

दुसरी गोष्ट वायरच्या मानेची. पिनेच्या मागे वायर जिथे वाकते तिथे आतल्या तारा तुटतात. पिन लॅपटॉपला लावून मान हळूच चारही दिशांना वाकवा आणि चार्जिंगच्या दिव्याकडे बघा. एखाद्या कोनात दिवा लागून पुन्हा जात असेल तर दोन शक्यता उरतात: वायर तुटलीय किंवा लॅपटॉपमधला जॅक ढिला झालाय. वायर स्थिर धरून फक्त पिन हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर संशय जॅकवर. बऱ्याच मॉडेलांत हा जॅक छोट्या वायरीसकट सुटा मिळतो आणि थोडक्यात बदलता येतो. काहींत तो थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो, तिथे कारागिराचा हात लागतो. पिनेखाली वही ठेवून, रबर बांधून महिनोन्महिने काम चालवणारे लोक आहेत. ढिल्या जॅकमध्ये ठिणगी पडून बोर्डावरचे भाग जळतात आणि काही शेकड्यांचं काम काही हजारांवर जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसरा ॲडॉप्टर लावून बघणं. याचे नियम नीट समजून घ्या. लेबलवर आउटपुट असं लिहिलेल्या ओळीत व्होल्ट आणि अँपियर असतात. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. साधे लॅपटॉप १९, १९.५ किंवा २० व्होल्टचे असतात. १९ आणि १९.५ मधला फरक चालून जातो. अँपियर मूळ चार्जरइतके किंवा जास्त असावेत. जास्त असल्याने काही जळत नाही, लॅपटॉप त्याला हवी तेवढीच वीज ओढतो. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपियर म्हणजे ६५ वॅट. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा लावला तर तो रखडत चार्ज होईल, किंवा तुम्ही काम करताय तोवर टक्के उलटे उतरतील. गेमिंगच्या मशीनना १८० किंवा २३० वॅटचे ॲडॉप्टर लागतात. तिथे साधा ९० वॅटचा घेऊन काहीही सिद्ध होत नाही.

पिन बसते म्हणून राउटरचा किंवा पाण्याच्या आरओ फिल्टरचा ॲडॉप्टर कधीही लावू नका. राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, त्याने काही होणार नाही. आरओचा मात्र २४ व्होल्टचा असतो, आणि त्याने बोर्ड जाऊ शकतो.

डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मध्यभागी सुईसारखी बारीक पिन दिसते. ती वीज नेत नाही. "मी अमुक वॅटचा चार्जर आहे" ही ओळख ती लॅपटॉपला देते. ती वाकली, तुटली किंवा तिची आतली तार गेली तर एक चमत्कारिक लक्षण दिसतं: लॅपटॉप चार्जरवर चालू होतो, पण बॅटरी भरत नाही, आणि मशीन एकदम संथ होतं. डेलमध्ये सुरू होताना "ॲडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. लोक बॅटरी बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, आणि दोष त्या सुईत असतो. मोबाइलच्या टॉर्चने पिनेच्या तोंडात डोकावून बघा. ती सरळ आणि मध्यभागी हवी.

घरात मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टच्या २०० च्या खुणेवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आतल्या भिंतीला आणि काळं बाहेरच्या धातूला लावा. मधल्या सुईला टोक लावू नका आणि दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. लेबलवरच्या आकड्याच्या आसपास आकडा दिसला तर वीज येतेय. शून्य आला, किंवा वायर हलवली की आकडा नाचतोय, तर नवा ॲडॉप्टर घ्या. आकडा बरोबर आला म्हणून ॲडॉप्टर निर्दोष ठरत नाही, कारण भार पडल्यावर तो कोसळू शकतो. खरी परीक्षा दुसऱ्या लॅपटॉपवरच होते.

नवा घ्यायचा झाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादी तरी गल्ली असतेच. जुना ॲडॉप्टर बरोबर न्या, मॉडेल नंबर सांगण्यापेक्षा पिन जुळवून बघणं बरं. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, त्याबरोबर आयएस मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. डबी हातात संशयास्पद हलकी वाटली आणि किंमत मूळच्या चौथाईवर असली, तर घेऊ नका. नकली चार्जरमध्ये वाचवलेले पैसे संरक्षणाच्या भागांतूनच वाचवलेले असतात.

टाइप-सी असेल तर

गेल्या काही वर्षांतले बरेचसे लॅपटॉप मोबाइलसारख्या टाइप-सी पिनेवर चार्ज होतात, आणि गोंधळ इथेच जास्त होतो. टाइप-सी चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर आपसात बोलून ९, १५ किंवा २० व्होल्टवर येतात. या बोलण्याला पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी म्हणतात. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्टच लागतात. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरवर मोठ्या अक्षरात ६७ किंवा ८० वॅट लिहिलेलं असलं तरी ते आकडे त्या कंपनीच्या फोनपुरतेच असू शकतात. बारीक अक्षरातली आउटपुटची यादी वाचा. त्यात २० व्होल्ट नसेल तर लॅपटॉप बहुधा ढिम्म राहील किंवा "स्लो चार्जर" म्हणेल.

केबलही तपासा. एका टोकाला चौकोनी जुनी यूएसबी असलेली केबल पीडीच्या कामाची नाही, दोन्ही टोकं टाइप-सी हवीत. साधी टाइप-सी केबल ३ अँपियर, म्हणजे ६० वॅटपर्यंतच नेते. १०० वॅटसाठी आत ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपियरची केबल लागते. आणि लॅपटॉपवरची प्रत्येक टाइप-सी खाच चार्जिंगची नसते, शेजारी बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असलेली शोधा.

पिन उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज झालं आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर खाचेतली किंवा केबलमधली एखादी पट्टी खराब आहे. खाचेत बॅगेतला धागा, धूळ, खडूची भुकटी साचते आणि पिन शेवटपर्यंत आत जात नाही. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि हातात लाकडी टूथपिक. सुई नको, टाचणी तर नकोच. मल्टिमीटरने टाइप-सी मोजायला जाऊ नका. समोर लॅपटॉप नसताना तो चार्जर २० व्होल्ट देणारच नाही.

पॉवर बटण तीस सेकंद

वीज पोचतेय याची खात्री झाली, तरी लॅपटॉप मख्ख आहे. आता तो उपाय, जो दुकानदार आधी करतो आणि सांगत नाही.

चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड, एचडीएमआय सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवर बटण दाबून तीस सेकंद तसंच धरा, घाई करून दहाव्या सेकंदाला सोडू नका. मग फक्त चार्जर लावा, एक-दोन मिनिटं थांबा आणि बटण नेहमीसारखं एकदा दाबा.

याने होतं काय? बोर्डावर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते, दुकानात तिला 'आयओ' म्हणतात. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. बटण दाबलं गेलं का, चार्जर लागला का, झाकण मिटलं का, हे तीच बघते. विजेच्या झटक्याने किंवा अर्धवट झालेल्या अपडेटने ती अडकली की बटण दाबून उपयोग नाही, कारण ऐकणाराच गप्प आहे. बटण धरून ठेवल्याने उरलीसुरली वीज निघून जाते आणि ती नव्याने सुरू होते.

बॅटरी आतच बसवलेली असेल तर लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपच्या तळाला बारीक भोक असतं, त्यात सिमकार्डची पिन हलकेच दाबून तेच काम होतं. पण आधी त्या मॉडेलची माहितीपुस्तिका बघा. माइकचं भोकही तसंच दिसतं, आणि त्यात पिन खुपसली की दुसरीच तक्रार तयार होते.

बॅटरी पूर्ण उतरली असेल तर

मेच्या सुटीत किंवा परदेशी गेल्यावर दोन-चार महिने कपाटात पडलेला लॅपटॉप बाहेर काढला, चार्जर लावला, काही नाही. घाबरू नका. लिथियम बॅटरीतला प्रत्येक सेल भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्टचा असतो. तो ३ व्होल्टच्या खूप खाली गेला की बॅटरीतलं सर्किट त्याला एकदम वीज देत नाही, अगदी थेंब थेंब देतं. तेवढ्या वेळात दिवाही न लागणं शक्य आहे. मूळ चार्जर लावून अर्धा तास ते दोन तास राहू द्या, अधूनमधून हात लावून बघा. तळ गरम लागला किंवा गोडसर रासायनिक वास आला तर लगेच काढा. रात्रभर लावून झोपायचं नाही.

सुरू होतो, पण स्क्रीन काळी

पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा ऐकतो, विंडोजचा आवाजही येतो. मग चार्जरचा काहीच संबंध नाही. आधी ब्राइटनेसचं बटण वर करा. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, बीप ऐकू येते आणि अडकलेली स्क्रीन कधी कधी परत येते. ऑफिसमध्ये प्रोजेक्टर लावून आणला असेल तर विंडोज आणि पी दाबा, चित्र दुसऱ्याच स्क्रीनवर जात असेल.

खोलीत अंधार करून टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. फिकट आयकॉन दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. घरच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा. टीव्हीवर सगळं दिसलं तर स्क्रीन किंवा तिला बोर्डाशी जोडणारी पट्टी खराब आहे, आणि तुमचा डेटा, बोर्ड, बॅटरी सगळं शाबूत आहे. जीव भांड्यात पडू द्या.

एक गमतीशीर कारणही असतं. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकाने कळतं. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम केलं, किंवा मनगटातल्या कड्याला चुंबकाची कडी असली, तर त्याला वाटतं झाकण बंद झालं आणि तो झोपतो.

दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल किंवा बीप वाजत असतील, तर ती तक्रारीची भाषा आहे. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या, कारण मोजताना हमखास चुकतं. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दोनदा नारिंगी आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही, तीनदा नारिंगी आणि एकदा पांढरा म्हणजे आतला बटण सेल उतरलाय. बाकी कंपन्यांची कोष्टकं त्यांच्या मदत पानावर मॉडेल टाकून मिळतात.

चालतो, पण बॅटरी भरत नाही

६० किंवा ८० टक्क्यांवर येऊन थांबत असेल तर बहुधा तो दोष नसतो. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपन्यांनीच ती सोय दिलीय. लेनोवोत तिला कन्झर्वेशन मोड, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग आणि मॅकबुकमध्ये ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग म्हणतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी ती बंद करा, एरवी चालू असू द्या.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंग थांबतं आणि रात्री आपोआप सुरू होतं. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत, आणि लॅपटॉपच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा बरंच चढं असतं. गादीवर ठेवून काम करत असाल तर आणखीच.

"प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) बॅटरीज या गटातली एसीपीआय कंट्रोल मेथड बॅटरी ही नोंद अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा. विंडोज ती स्वतःच परत टाकतं.

तरीही नाही, तर बॅटरीचं वय बघा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडा, पॉवरसीएफजी (powercfg) हा शब्द इंग्रजीत सलग लिहा, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच बॅटरीरिपोर्ट (batteryreport). एंटर दाबलं की अहवालाची फाइल कुठे ठेवली ते दिसेल. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता भरते तेवढी) हे दोन आकडे शोधा. पहिला ४५,००० आणि दुसरा २०,००० असेल तर बॅटरी निम्म्याखाली गेलीय आणि बदलायची वेळ झालीय. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर ती थकते, मॅकबुकच्या बॅटरी त्याहून जास्त टिकतात.

इथे हात थांबवायचा

टचपॅड वर आलंय, त्याची टिकटिक बंद झालीय, तळाची फट रुंदावलीय, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय: बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, वर वजन ठेवू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. टोचली गेली तर आग लागते. ती काढायचं काम दुकानातल्या माणसाचं.

चहा सांडला असेल तर पॉवर बटण धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप अर्धा उघडा ठेवून तंबूसारखा उलटा टेबलावर ठेवा. "चालू होतोय का बघू" हा मोह आवरा. पाण्याने जेवढं बिघडत नाही तेवढं ओल्या बोर्डात वीज सोडल्याने बिघडतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, साखर आणि दूध तांदूळ शोषत नाहीत. एक-दोन दिवसांत दुकानातून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्या. कोकणात पावसाळ्यात न सांडताही पिनांवर हिरवट गंज चढतो, त्यावरही उपाय तोच.

उघडायचा का?

वॉरंटी असेल तर नाही. नसेल आणि हात स्थिर असेल, तर एकच काम घरी करण्याजोगं आहे: रॅम काढून परत बसवणं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुकटी झटका, तिरकी घालून टक् आवाज येईपर्यंत दाबा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे झाकण लावून टाका.

दुकानात जाताना

आधी डेटा. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी सोय, आपसूक चालू असतं. बोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) शाबूत असूनही एक फोटो मिळत नाही. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती की आजच लिहून ठेवा. मशीन बोर्डाच्या कामासाठी ठेवायचं असेल तर आपल्यासमोर एसएसडी काढून मागा. चांगला कारागीर स्वतःच्या डिस्कवर तपासतो आणि त्याला याचं वाईट वाटत नाही.

मग तुम्ही काय काय तपासलं ते सांगा: दुसऱ्या ॲडॉप्टरवरही दिवा विझतो, तीस सेकंद बटण धरून झालं, टीव्हीवर चित्र येत नाही. "काका, बोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल," असं दोन मिनिटांत उत्तर आलं तर शांतपणे विचारा, "चिप लेव्हलला बघता का? कोणती लाइन शॉर्ट आहे?" मीटर लावून "१९ व्होल्टची लाइन शॉर्ट आहे, मॉस्फेट गेलाय" किंवा "चार्जिंग आयसी बदलावी लागेल" असं सांगणारा माणूस सापडला की तिथेच द्या. असे एक-दोन भाग बदलण्याचा खर्च अख्ख्या बोर्डापुढे किरकोळ असतो. आठ-दहा वर्षं जुन्या मशीनचा बोर्डच खरोखर गेला असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका, एसएसडी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घालून डेटा काढून घ्या.

पावतीवर सीरियल नंबर, बरोबर दिलेला ॲडॉप्टर, बॅटरी, रॅम किती, एसएसडी दिली की नाही हे लिहून घ्या. दुरुस्ती झाल्यावर दुकानातच अर्धा तास चार्जिंगला लावा आणि टक्के चढताना बघा. काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या ढिगात ती दाबली गेली की पेटते. ती दुकानातच किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.